दयेची किंमत कोण देतो?

(शास्त्रभाग : २ शमुवेल २३:१३-१७, लूक १४:२८-३३, योहान १०:११-१५)

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर हे गाव लागते. आता गावाच्या आसपास कारखाने, गोदामे आणि कामगारांच्या खोल्या आहेत. पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली मराठी माणसे सुरतेच्या परिसरात पुष्कळ आहेत आणि त्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. अशाच एका कुटुंबात प्रार्थनेसाठी जाण्याचा योग आला. प्रार्थना झाली, चहा झाला, मंडळी उठली. परंतु घरचा तरुण मुलगा माझ्याजवळ रेंगाळत राहिला. तो जवळच्या एका कारखान्यात पाळीचा सुपरवायझर आहे. हाताखाली तीसएक माणसे आहेत. रविवारच्या शाळेत तो लहान मुलांचा वर्ग घेतो.

त्याने कपाटातून एक पुस्तक काढून माझ्या हाती दिले. प्राचीन चीनमधील सुन त्झू नावाच्या सेनापतीचे युद्धशास्त्रावरील हे पुस्तक आज कारखानदार व अधिकारी आवडीने वाचतात. एका वाक्याखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती. सेनापतीने शिपायांना पोटच्या मुलांसारखे वागवले, तर ते त्याच्यामागे खोल दरीतही उतरतील आणि त्याच्याबरोबर मरतीलही, असा त्याचा आशय.

मग त्याने हकिगत सांगितली. त्याच्या पाळीतला एक कुशल कामगार तापाने अंथरुणाला खिळला होता. त्या माणसावाचून माल अडून पडला होता. हा तरुण संध्याकाळी जेवणाचा डबा घेऊन त्याच्या खोलीवर गेला, जवळ बसला, औषधासाठी थोडे पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामगार अंगात ताप असतानाच कामावर हजर! वरच्या साहेबांनी आमच्या तरुणाची पाठ थोपटली. "माणसं कशी बांधून ठेवावीत, हे तुला बरोबर कळतं," असे ते म्हणाले. संध्याकाळी तो त्या कामगाराला खोलीवर सोडायला गेला, तेव्हा त्याची बायको दारातच उभी होती. ती एवढेच म्हणाली, "साहेब, काल तुम्ही डबा आणलात, तेव्हाच मला कळलं की हे उद्या माझं ऐकणार नाहीत."

"तिच्या बोलण्यात राग नव्हता, गुरुजी," तो म्हणाला. "पण तेव्हापासून मला झोप नाही. मी त्याच्यावर दया केली, की डाव टाकला?"

हा प्रश्न एकट्या त्या तरुणाचा नाही. ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत, ज्याच्या वर्गात दहा मुले आहेत, जो मंडळीचा पंच आहे, जी घरात सासू आहे, त्या प्रत्येकाचा तो आहे. म्हणून येथे त्याचा थोडा विचार करू.

प्रथम त्या पुस्तकाविषयी. सुन त्झूचा काळ परंपरेने ख्रिस्तापूर्वी सुमारे पाचशे वर्षांचा मानतात. पुस्तक लहान आहे. अवघे तेरा अध्याय. युरोपला त्याची ओळख करून दिली ती एका मिशनऱ्याने. चीनमध्ये काम करणारे फ्रेंच येशूसंघीय पाद्री आम्यो यांचे भाषांतर १७७२ साली पॅरिसला प्रसिद्ध झाले. युद्धाचे पुस्तक म्हणून ते रक्तपाताचे असेल असे वाटते, परंतु न लढता मिळवलेला विजय हाच श्रेष्ठ, असे ते सांगते. सेनापतीच्या अंगी शहाणपण, विश्वासूपणा, दया, धैर्य आणि शिस्त हे पाच गुण असावेत, असे पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. रागाच्या भरात सैन्य हलवू नका, असे ते बजावते. कारण रागावलेला माणूस पुन्हा आनंदी होईल, परंतु उद्ध्वस्त झालेले राज्य पुन्हा उभे राहत नाही आणि मेलेला माणूस परत येत नाही.

यांत वाईट काय आहे? काहीच नाही. मंडळीच्या सभांत रागाच्या भरात बोललेल्या एका वाक्याने वीस वर्षांचे संबंध तुटल्याचे आपण पाहिले आहे. विचार करणे, वाट पाहणे, स्वतःला आणि समोरच्याला ओळखणे, हे शहाणपण कोणत्याही देशातून आले तरी देवाचेच दान आहे. प्रभू येशूनेही अशा शहाणपणाला कमी लेखले नाही. दहा हजार सैन्यानिशी वीस हजारांना तोंड देता येईल की नाही, याचा बसून विचार करणाऱ्या राजाचा दाखला त्यानेच दिला. शिष्यांना लांडग्यांत पाठवताना त्याने सापाचे चातुर्य आणि कबुतराचा निष्कपटपणा ही दोन्ही एकत्र मागितली. भोळेपणा म्हणजे पवित्रपणा, असे आपल्या प्रभूने कधी शिकवले नाही.

मग अडचण कोठे येते? आपण दयेलाच हत्यार करतो, तेथे. याविषयीची एक गोष्ट चिनी लोकांनीच जपून ठेवली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा इतिहासकार सिमा चिएन याने ती लिहिली आहे.

वू ची नावाचा एक प्रख्यात सेनापती होता. शिपाई खात ते तो खाई, ते नेसत ते नेसे, जमिनीवर निजे आणि आपली शिदोरी आपणच वाही. एकदा एका शिपायाला गळू झाले, तेव्हा या सेनापतीने स्वतःच्या तोंडाने त्यातला पू शोषून काढला. ही बातमी शिपायाच्या आईला कळली, तेव्हा ती रडू लागली. लोक म्हणाले, "अगं, एवढा मोठा सेनापती तुझ्या मुलाची सेवा करतो आणि तू रडतेस?" ती म्हणाली की, मागे त्याने माझ्या नवऱ्याचेही गळू असेच शोषले होते, मग नवऱ्याने लढाईत पाऊल मागे घेतले नाही आणि तो मेला. आता मुलगा कोठे मरेल, हे मला ठाऊक नाही.

त्या आईचे बोलणे आणि इच्छापोरच्या त्या बाईचे बोलणे यांत किती अंतर आहे? हाच इतिहासकार वू चीविषयी आणखी सांगतो की, सेनापतिपद मिळावे म्हणून त्याने आपल्या बायकोला ठार केले, कारण ती शत्रूच्या राज्यातली होती. छावणीतला तो प्रेमळ बाप घरी असा होता. त्याची शिपायांवरची माया खोटी होती, असे म्हणता येत नाही. पू तर त्याने खरोखरच शोषला. परंतु त्या दयेची किंमत वू चीने दिली नाही. ती त्या शिपायाने दिली आणि त्याच्या आईने दिली.

आता याच्या शेजारी पवित्र शास्त्रातील दुसऱ्या एका सेनापतीची गोष्ट ठेवून पाहा. दावीद अदुल्लामच्या गुहेत होता आणि बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे होते. आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यायला मिळाले तर किती बरे होईल, असे तो सहज बोलून गेला. तीन वीर उठले, शत्रूची फळी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. दुसरा एखादा राजा ते पाणी प्याला असता, वीरांना कडी दिली असती आणि छावणीत त्यांचे कौतुक केले असते. पुढच्या लढाईला त्याचा उपयोगही झाला असता. दावीदाने ते पाणी परमेश्वराप्रीत्यर्थ ओतून टाकले. ज्यांनी जीव धोक्यात घातला, त्यांचे ते रक्तच होय, ते मी पिणार नाही, असा त्याचा भाव होता. माणसांची निष्ठा ही आपल्या तहानेची सोय नव्हे, हे त्या क्षणी त्याला उमगले. पुढे हाच दावीद उरीयाच्या बाबतीत हे विसरला आणि त्याचा परिणाम आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हा धडा एकदा शिकून संपत नाही.

किंमत कोण देतो, हा प्रश्न हाती धरून खुद्द सुरतेच्या इतिहासाकडेही पाहता येते. इच्छापोरहून शहर दूर नाही. तापीकाठचा किल्ला आजही उभा आहे. जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा शहराचा मोगल सुभेदार इनायतखान होता. शहराच्या रक्षणाची जबाबदारी त्याची. परंतु तो त्याच किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. योहानाच्या शुभवर्तमानात लांडगा दिसताच मेंढरे टाकून पळणारा मोलकरी आहे, त्याची आठवण होते.

पुढे खानाने एक युक्ती केली. तहाचे बोलणे करायला म्हणून त्याने एका तरुणाला महाराजांकडे पाठवले आणि त्या तरुणाने एकाएकी खंजिराने हल्ला केला. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला आणि महाराज वाचले. छावणीत मात्र संतापाचा भडका उडाला. महाराजांनी सरसकट कत्तल थांबवली, तरीही काही कैद्यांचे हात व काहींची डोकी तोडली गेली, असे त्या वेळच्या इंग्रजांच्या पत्रांवरून कळते. शहराचा मोठा भागही आगीत जळाला. इनायतखानाची युक्ती फसली. त्याला स्वतःला काही इजा झाली नाही. किंमत दिली ती छावणीत बांधून ठेवलेल्या, त्या कटाची वार्ताही नसलेल्या माणसांनी. नेता बंद दाराआड सुरक्षित बसून चतुर होतो, तेव्हा असे घडते.

याच दिवसांतली दुसरी एक गोष्ट फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवली आहे. शिवाजी महाराजांनी कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोझ यांच्या घराला हात लावू दिला नाही. हे पाद्री भली माणसे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचप्रमाणे डच कंपनीच्या एका हिंदू दलालाचे घरही त्यांनी वाचवले. हा दलाल, मोहनदास पारेख, तोवर वारला होता. परंतु जिवंतपणी तो फार दानधर्म करणारा होता, असे महाराजांच्या कानी आले होते.

यात मला दोन गोष्टी शिकण्यासारख्या दिसतात. पहिली महाराजांविषयी. मोहिमेवर निघालेल्या सेनापतीने शहरात धन कोठे आहे याची बातमी काढावी, हे युद्धशास्त्राला धरूनच आहे. हेरांवर सुन त्झूने एक सबंध अध्याय लिहिला आहे. परंतु शहरात भली माणसे कोणती, हीही बातमी ज्याच्याकडे असते आणि ती कळल्यावर जो हात आवरतो, त्याच्या ठायी डावपेचांपलीकडचे काही असते. मेलेल्या माणसाच्या चांगुलपणाचा मान राखून महाराजांना कोणता लाभ होणार होता?

दुसरी त्या पारेखांविषयी. गरिबांना धान्य-पैसा देताना, एक दिवस मराठ्यांची स्वारी येईल आणि या दानामुळे माझे घर वाचेल, असा हिशोब त्यांनी केला असेल काय? तसा हिशोब कोणालाच करता आला नसता. पैसा त्यांच्या पदरचा गेला, आणि त्याचे फळ आले ते त्यांच्या मागे.

पण येथेही सावध राहिले पाहिजे. नाहीतर आपण लगेच म्हणू, "पाहा, दया केली की घर वाचते, तेव्हा दया करावी." म्हणजे पुन्हा हिशोब सुरू! दयेने घर वाचेलच असे नाही. चीनमधलीच आणखी एक गोष्ट याची साक्ष देते.

मो त्झू नावाचा एक विचारवंत होता. सर्वांवर सारखे प्रेम करावे आणि दुसऱ्याच्या राज्यावर चढाई करू नये, असे तो शिकवी. च्यू नावाचे मोठे राज्य सुंग नावाच्या छोट्या राज्यावर स्वारी करणार आणि त्यासाठी एका कारागिराने तटावर चढण्याच्या उंच शिड्या तयार केल्या आहेत, असे त्याला कळले. तो दहा दिवस आणि दहा रात्री चालून च्यूच्या राजधानीत पोहोचला. त्याने राजासमोर कमरेचा पट्टा जमिनीवर मांडून तट केला आणि त्या कारागिराला लुटुपुटीची चढाई करायला लावले. कारागिराने नऊ वेळा चढाई केली. मो त्झूने नऊ वेळा ती परतवली. मला येथे मारून टाकले तरी उपयोग नाही, माझे तीनशे शिष्य सुंगच्या तटावर तयार उभे आहेत, असे त्याने राजाला सांगितले. राजाने स्वारीचा बेत सोडला. एकही माणूस न मरता युद्ध टळले.

परतताना तो सुंगमधूनच चालला होता. पाऊस लागला. आडोशाला म्हणून तो एका वेशीत शिरू लागला, तर पहारेकऱ्याने त्याला आत घेतले नाही! ज्या लोकांना त्याने वाचवले होते, त्यांच्याच दारात तो भिजत उभा राहिला.

रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. सुन त्झूला हवे असलेले सारे कौशल्य मो त्झूपाशी होते. अभ्यास होता, पूर्वतयारी होती, प्रतिपक्षाची पारख होती. परंतु ते सारे त्याने दुसऱ्यांसाठी खर्च केले. पाय त्याचे झिजले, जीव त्याने धोक्यात घातला आणि शेवटी पावसात तोच भिजला. शांती करणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले, ते त्यांचे स्वागत होते म्हणून नव्हे. तो स्वतः आपल्या लोकांकडे आला तेव्हा त्यांनी त्याचा स्वीकार केला नाही, असे योहान लिहितो.

सुन त्झू आणि प्रभू येशू यांच्यातला फरकही येथे स्पष्ट होतो. सुन त्झू सेनापतीच्या पाच घातक दोषांची यादी देतो. उतावळे धाडस, भ्याडपणा, शीघ्रकोप, मानापमानाविषयी हळवेपणा. आणि पाचवा दोष म्हणजे लोकांवर फार माया असणे, कारण शत्रू त्या मायेचा फायदा घेऊन सेनापतीला हैराण करतो. दुसऱ्या एका ठिकाणी तो म्हणतो की, सेनापतीने शिपायांना मेंढरांच्या कळपासारखे इकडून तिकडे हाकावे. आपण कोठे चाललो आहोत, हे त्यांना कळू नये. युद्धाच्या दृष्टीने हे खरेही असेल. परंतु आपल्या मेंढपाळाची रीत अगदी उलटी आहे. तो मेंढरांना नावाने हाक मारतो आणि त्यांच्यापुढे चालतो. शिष्यांना तो दास म्हणत नाही, मित्र म्हणतो; कारण पित्याकडून ऐकलेले सर्व त्याने त्यांना सांगितले आहे. आणि जो दोष सुन त्झूने पाचवा म्हणून सांगितला, त्याच दोषापायी तो वधस्तंभावर गेला. खर्चाचा हिशोब करायला सांगणाऱ्या त्या प्रभूने स्वतःही हिशोब केला होता. फरक इतकाच की, हिशोब करून झाल्यावर किंमत त्याने स्वतः दिली.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. मी दया केली, की डाव टाकला? मी त्याला म्हणालो, "बाबा रे, दोन्ही केलेस. आपल्या मनात गहू आणि निदण एकत्रच उगवते. तू डबा नेलास तेव्हा तुला त्याची कणवही आली होती आणि अडलेला मालही आठवत होता. मन अगदी शुद्ध होईपर्यंत डबा न्यायचा नाही, असे ठरवशील, तर तापाने पडलेला माणूस उपाशी राहील. म्हणून डबा नेत जा. आपला हेतू शोधत बसलो तर आपण स्वतःलाच फसवतो. त्यापेक्षा किंमत कोण देतो, ते तपास. काल तुझ्या दयेची किंमत त्याच्या अंगातल्या तापाने दिली. ती तू देऊ शकतोस का, ते पाहा."

वाचक बंधुभगिनींनो, हाच कस आपण आपल्या कामालाही लावू शकतो. वर्गातल्या मुलाला आपण बक्षीस देतो, ते त्याच्या आनंदासाठी की वार्षिक समारंभात आपला वर्ग पुढे यावा म्हणून? आजारी सभासदाला आपण भेटतो, ते पंचांची निवडणूक जवळ आली नसतानाही भेटतो काय? आपण ज्याच्यावर उपकार केले, त्याला आपल्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक उरली आहे काय? ज्याच्याकडून कधीच काही परत मिळणार नाही, अशा एखाद्या माणसाचे नाव आपल्या भेटीच्या यादीत आहे काय? चातुर्य टाकून द्या, असे मी म्हणत नाही. उलट ते अधिक शिका. मो त्झूला तटबंदीची विद्या येत होती म्हणूनच तो त्या गावाला वाचवू शकला. नुसत्या हळव्या मनाने ते झाले नसते. पण आपले चातुर्य दुसऱ्याच्या कामी लागावे आणि त्याचे बिल आपल्या नावावर यावे.

काही दिवसांनी त्या तरुणाची पुन्हा भेट झाली. त्याने त्या कामगाराला ताप उतरेपर्यंत घरी राहायला सांगितले होते आणि माल का अडला, याची जबाबदारी लेखी स्वतःवर घेतली होती. त्या महिन्यात त्याच्या पाळीचे काम कमी भरले आणि वरून बोलणीही बसली. कामगार बरा होईपर्यंत तो संध्याकाळी डबा पोहोचवीत राहिला. पुस्तक अजून त्याच्या कपाटात आहे. ते टाकून द्यावे असे मी सांगितले नाही आणि त्यालाही तसे वाटले नाही.

"आणि ती बाई?" मी विचारले.

तो हसला. "शेवटचा डबा परत आला, गुरुजी, तो रिकामा नव्हता. आत कळण्याची भाकरी आणि ठेचा होता."